नेट गेलं की वेबसाइट बंदच पडते का?

"ॲप नेटशिवाय चालतं, वेबसाइट नाही" हा मेसेज होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. आमच्या मालवणकडच्या वाड्यांत पावसात रेंज जाते, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिकच आहे. पण ब्राउझरमध्ये 'सर्व्हिस वर्कर' नावाची सोय असते. पहिल्याच भेटीत खोल्यांचे फोटो, दर, वाडीपर्यंतच्या रस्त्याचं चित्र तिच्यामुळे फोनमध्ये साठवून ठेवता येतं. साइट बनवणाऱ्याने मात्र ती घालायला हवी. अनेक जण घालत नाहीत, म्हणूनच गैरसमज टिकलाय. निव्वळ या भीतीपोटी कुणी ॲपवर पैसे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं. साइट एकदा उघडा, एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद करा, पुन्हा उघडा. मग ॲपवरही हेच करून बघा. बुकिंग पक्कं करायला दोघांनाही नेट लागतंच.