वॉर्डातला संगणक आणि १९८७ चा निष्कर्ष

मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी लक्ष, स्मरण आणि भाषेचे सराव पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुरू झाले. मानसिक आजाराच्या वॉर्डात तो विचार रुजायला मात्र फार वेळ लागला, आणि रुजू लागला तोच वाद घेऊन.

१९८७ साली अमेरिकेत, रुग्णालयात दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना 'विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग' चाचणी शिकवून पाहिली गेली. यात पत्ते रंगाने लावायचे, आकाराने की संख्येने, हे सांगत नाहीत. फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतात आणि मध्येच नियम बदलतात. एकेका पत्त्याला मार्गदर्शन केले तेव्हा रुग्णांना जमले. ते थांबताच जुन्या चुका परतल्या. त्यावरून बदलत्या नियमानुसार विचार बदलण्याची ही उणीव शिकवून भरून निघणारी नाही, असा अर्थ काढला गेला. हा निष्कर्ष घाईचा होता. तपासली होती ती शिकवण्याची एकच पद्धत, आणि 'यांना जमत नाही' हा शिक्का बसला तो दाखल असलेल्या माणसांवर. पुढच्या चार-पाच वर्षांतच इतर गटांनी सविस्तर सूचनांसोबत बरोबर उत्तराला थोडे पैसे दिले आणि गुण वाढले. काही अभ्यासांत शिकवणे थांबल्यावरही ही सुधारणा टिकली.

अशा सरावासाठी संगणक आला तो या वादाच्या आसपास. सुरुवातीचे प्रोग्रॅम मेंदूच्या इजेच्या पुनर्वसनातून आले होते. रुग्णाच्या गतीनुसार पातळी चढती-उतरती ठेवता येते, हा त्यांचा मोठा फायदा.

स्किझोफ्रेनियातल्या अशा सरावांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. २००७ च्या अशा विश्लेषणात २६ अभ्यास होते, २०११ च्या विश्लेषणात ४०. दुसऱ्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सराव इतर पुनर्वसनाच्या जोडीने झाला तिथे रोजच्या जगण्यातला फरक ठळक होता. १३० अभ्यासांच्या २०२१ च्या विश्लेषणानेही प्रशिक्षित थेरपिस्टची सक्रिय साथ आणि इतर पुनर्वसनाशी जोड यांना वजन दिले. तरीही थेरपिस्टची जागा न भरता वॉर्डात नुसते संगणक मांडण्याचा मोह होतोच. ती बचत रुग्णाच्या वाट्यातून केलेली असते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्याला औषधांच्या वेळा पाळणे, बस बदलणे, पैशांचा हिशेब ठेवणे जमावे लागते. त्याचा सराव दाखल असतानाच सुरू व्हायला हवा.