आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या सरकारी माध्यमिक शाळा

खर्च सरकार किंवा स्थानिक संस्था उचलते, प्रवेश आसपासच्या साध्या घरातल्या मुलांना मिळतो, आणि इतिहास-भूगोलापासून विज्ञानापर्यंत सगळं जगाच्या संदर्भात शिकवायचं असं ठरवूनच जी शाळा काढलेली असते ती या गटात धरतात. बहुतेक ठिकाणी सहावी ते बारावी किंवा नववी ते बारावी असे वर्ग असतात आणि एक तरी परदेशी भाषा सलग काही वर्षं घ्यावीच लागते. नाशकात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ज्यांच्या बोर्डावर इंटरनॅशनल लिहिलेलं दिसतं त्या खासगी शाळा वेगळ्या, त्यातल्या बऱ्याच सरळ सीबीएसईच्या आहेत, त्यांचा इथे विचार केलेला नाही.

उगम नक्की कुठला यावर एकमत नाही. एक मत असं की मूळ युरोपात आहे. लंडनजवळ स्प्रिंग ग्रोव्हला १८६६ च्या सुमारास इंटरनॅशनल कॉलेज निघालं (काहीजण १८६७ धरतात, उद्घाटन तेव्हा झालं म्हणून), त्यामागे राजकारणी कॉब्डेन आणि जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली अशी माणसं होती पण १८८९ मध्ये ते बंद पडलं. मग १९२४ मध्ये जिनिव्हाची शाळा आली, ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि पुढे त्याच वातावरणातून १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबी उभं राहिलं. ही परंपरा मोठी आहे यात वाद नाही, पण ती फी भरणाऱ्या, देशोदेशी बदल्या होणाऱ्या आईबापांच्या मुलांची. सरकारी शाळेचा धागा तिथून ओढायचा म्हणजे जरा ताणल्यासारखंच होतं.

दुसरं मत अमेरिकेकडे बोट दाखवतं आणि ते जास्त पटतं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून परदेशी भाषा नि प्रदेश-अभ्यासाला पैसा दिला, म्हणजे सुरुवात ज्ञानाच्या ओढीपेक्षा धास्तीतूनच झाली असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर १९७० च्या दशकात गोऱ्या-काळ्या मुलांना एका वर्गात आणायचे कोर्टाचे आदेश निघत होते, तेव्हा पालकांनी आपणहून लांबच्या वस्तीत मुलं पाठवावीत म्हणून मॅग्नेट शाळा काढल्या गेल्या, कुठे विज्ञान कुठे कला असा एक खास विषय धरून, आणि त्यातच काही ठिकाणी परदेशी भाषा आणि आंतरराष्ट्रीय विषय आले. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाने १९७९ च्या अहवालात अशी आंतरराष्ट्रीय हायस्कूलं काढावीत असं सुचवलंही होतं. म्हणजे नव्या शाळांची लाट २००० नंतरची असली तरी कल्पना तेव्हाच कागदावर होती.

इथे एक घोळ नेहमी होतो. न्यूयॉर्कला लाग्वार्डिया कॉलेजात १९८५ मध्ये सुरू झालेलं इंटरनॅशनल हायस्कूल आणि त्याच्या पुढच्या शाळा या नव्याने अमेरिकेत आलेल्या, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी आहेत. तिथे मुलं जगभरातली असतात, अभ्यासक्रमाचा विषय जग असेलच असं नाही. या नोंदीतल्या शाळांचं उलट आहे, मुलं त्याच गल्लीतली आणि अभ्यास जगाचा. जुन्या यादीत दोन्ही एकत्र घातलेल्या सापडतात तेव्हा आकडे जपून घ्यावेत.

नव्या लाटेची तारीख बहुतेक ठिकाणी २००३ देतात. १९५६ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी स्थापन केलेल्या एशिया सोसायटीने त्या साली गेट्स फाउंडेशनच्या मदतीने इंटरनॅशनल स्टडीज स्कूल्स नेटवर्क सुरू केलं. तेव्हा अमेरिकेत मोठी हायस्कूलं मोडून छोट्या शाळा करायची चळवळ जोरात होती, तिच्यातच हे बसलं, आणि २००१ च्या हल्ल्यानंतर अरबी-चिनी येणारी माणसं कमी पडतात ही ओरडही चालू होती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, म्हणजे स्थलांतरितांच्या जुन्या गरीब वस्तीत, हेन्री स्ट्रीटची शाळा निघाली, डेन्व्हर, ह्यूस्टन, लॉस एंजेलिसकडे इतर निघाल्या. मुलं बहुतांश कमी उत्पन्नाच्या घरातली आणि हे मुद्दाम ठरवून केलेलं होतं.

वर्गात काय वेगळं होतं? या नेटवर्कने जागतिक क्षमतेचे चार भाग पाडले : जगाचा शोध घेणं, आपला आणि दुसऱ्याचा दृष्टिकोन ओळखणं, वेगवेगळ्या लोकांपर्यंत आपलं म्हणणं पोचवणं आणि शिकलेल्यावर काही कृती करणं. २०११ मध्ये व्हेरोनिका बॉइक्स मॅन्सिला आणि अँथनी जॅक्सन यांनी ही मांडणी पुस्तकरूपाने आणली, नंतर २०१८ च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी तुलनात्मक चाचणी) जागतिक क्षमता मोजायला घेतली तेव्हा तिथली मांडणी याच्या अगदी जवळची होती (भारत त्या फेरीत नव्हता). स्वतंत्र असा आंतरराष्ट्रीय नावाचा तास बहुधा नसतोच, गणितात सुद्धा पाणीवाटपाचे किंवा लोकसंख्येचे आकडे घ्यायचे अशी पद्धत, आणि शेवटी नुसता पेपर न घेता मुलाने चार वर्षांत केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ तपासायचा. आयबीशी तुलना केली तर आयबीमध्ये परीक्षा बाहेरची असते, ४००० शब्दांचा दीर्घ निबंध ठरलेला असतो आणि मान्यतेचे पैसे भरावे लागतात, इथे राज्याचाच अभ्यासक्रम ठेवून त्याला वळण द्यायचं असतं म्हणून ते सरकारी शाळेला परवडतं.

आशियात दक्षिण कोरियाचं उदाहरण जुनं, बुसानचं आंतरराष्ट्रीय हायस्कूल १९९८ चं. तिथे मात्र या शाळा श्रीमंत, ट्यूशन लावलेल्या मुलांच्याच झाल्या अशी टीका वाढत गेली आणि २०१९ मध्ये सरकारने त्या २०२५ पर्यंत सर्वसाधारण करायचं ठरवलं, पुढच्या सरकारने २०२४ च्या सुरुवातीला तो निर्णय फिरवला. जपानने नवीन शाळा न काढता २०१४ मध्ये सुपर ग्लोबल हायस्कूल योजनेत असलेल्याच शाळांना पाच वर्षांचा निधी दिला, पहिल्या वर्षी ५६ शाळा होत्या.

महाराष्ट्रात सरकारने आंतरराष्ट्रीय शाळा मनावर घेतल्या त्या साधारण २०१८ पासून. महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झालं, १३ जिल्हा परिषद वगैरे शाळा ओजस म्हणून निवडल्या, त्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचं नाव सगळीकडे गाजलं. मराठी माध्यमातून जागतिक दर्जा अशी ती भूमिका होती आणि ती धाडसी होती, पण सुरुवात खालच्या वर्गांपासून केलेली, आणि पोरं माध्यमिकला पोचायच्या आधीच २०१९ च्या अखेरीस सरकार बदललं आणि २०२० मध्ये मंडळ गुंडाळलं गेलं. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्वतःचं बोर्ड काढून आयबीशी करार केला. मुंबई महापालिकेनेही आधी सीबीएसई-आयसीएसई आणि मग केंब्रिज नि आयबीच्या शाळा काढल्या. या सगळ्यात भर बोर्डावर राहिला, विषयावर कमी.

नाशकात या व्याख्येत बसेल अशी सरकारी माध्यमिक शाळा नाही. महापालिकेच्या शाळा मुख्यतः प्राथमिक, माध्यमिक थोड्याच, आणि शहर-जिल्ह्यातलं खरं माध्यमिक शिक्षण मराठा विद्या प्रसारक म्हणजे मविप्र (१९१४) आणि गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) यांसारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांवर चालतं, म्हणून सरकारी हा शब्द इथे अनुदानितसकट घ्यावा लागतो. बालभारतीच्या नववीच्या राज्यशास्त्रात महायुद्धोत्तर घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे असे धडे आहेत म्हणजे पाया आहे, पण दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर मिळून ४० मार्कांचा, त्यामुळे शिकवणी त्या मापानेच होते.

असा अभ्यास शिकवायला साहित्य म्हणाल तर जिल्ह्यात पडलेलंच आहे. २०१० मध्ये लिहोसीन या फवारणीच्या औषधाचा अंश (रेसिड्यू) सापडल्यावरून युरोपने द्राक्षं अडवली आणि निर्यातदारांसकट बागायतदार बुडाले. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ ला टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क लावून उघडली, लासलगावच्या लिलावात त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो हे तिथल्या पोराला शिकवायला नको. ओझरला १९६० च्या दशकापासून सोव्हिएत मदतीने मिग विमानं बनली, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात. आणि पांडवलेण्यातलं १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) कोरून दिल्याचा लेख आहे, काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक धरतात, दत्तामित्री म्हणजे ग्रीकांनी वसवलेलं डेमेट्रियास असावं हे मत जास्त मानलं जातं.

अडचण शिक्षकाची आहे. फ्रेंच-जर्मन शिकायला मुलं अजून पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूट गाठतात. राज्याने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यावर जर्मन शिकवायची हालचाल झाली, तिचा रोख नोकरीवर होता. अनुदानित शाळेत पदं संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर याची सरकारी मान्यता) पटसंख्येवर ठरतात आणि भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, त्यात परदेशी भाषेचं किंवा आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं वेगळं पद बसवणं अवघड, त्यामुळे संस्थेने असा वर्ग काढलाच तर शिक्षक मानधनावर आणि पैसे संस्थेच्या खिशातून.