बीपीच्या रांगेतच विचारा दारूचं

"दारू घेता का?" या प्रश्नाचं केसपेपरवरचं उत्तर ठरलेलं असतं: कधीतरी. त्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. "गेल्या आठवड्यात किती दिवस? एका वेळी निप की क्वार्टर?" असं विचारलं की आकडा मिळतो. क्वार्टरभर, म्हणजे १८० मिली व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ६ युनिट. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची यादी सिस्टर पाचेक मिनिटांत भरून घेऊ शकते. ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. २० किंवा त्यापुढे व्यसन जडल्याची दाट शंका.

हे काम पुणे महापालिकेच्या दवाखान्यातच व्हायला हवं. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र या शहरात १९८६ पासून आहे, पण तिथली पायरी चढायला घरच्यांना धीर गोळा करावा लागतो. बीपी, पित्त, टीबीच्या गोळ्यांसाठी मात्र तोच माणूस आपणहून दवाखान्यात येतो. गोळ्या चालू असूनही बीपी उतरत नसेल, तर डोस वाढवण्याआधी क्वार्टरचा हिशेब मांडावा.

८ ते १९ गुणांच्या मधल्या गटासाठी तज्ज्ञ डॉक्टर लागतोच असं नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

खरी घाई असते ती एका झटक्यात दारू सोडणाऱ्यांच्या बाबतीत. गटारी होते, श्रावण लागतो आणि रोज पिणारा माणूस बाटली बंद करतो. दारू मेंदूला रोज शांत करत असते, म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू थांबली की ती वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो: माणूस भिंतीवरचे किडे झटकतो, घरच्यांना ओळखत नाही. हे जिवावर बेतू शकतं. "निग्रह कमी पडला" असं म्हणून त्याला घरात कोंडू नका. आधी कधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा कावीळ असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. बाकीच्यांना डॉक्टर मेंदू शांत करणारी डायझेपामसारखी गोळी देतात आणि काही दिवसांत डोस उतरवत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरी. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, दिलंच पाहिजे. ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

चहात न सांगता डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठीची गोळी, मिसळणं हा तर जीवघेणा प्रकार. त्यावर दारू पोटात गेली की बीपी कोसळू शकतं. रुग्णाला माहीत असेल, त्याची संमती असेल, शेवटच्या घोटाला किमान १२ तास झाले असतील, तरच ती गोळी द्यायची.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येणाऱ्याने औषधं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी दवाखान्यात आणून केसपेपरला लावावी. पुढची तारीख बीपीच्या गोळ्यांचीच ठेवावी, म्हणजे वेगळ्या रांगेत कुणाच्या नजरेला पडायला नको.