सर्व्हेला माणसं मिळतात हो, पण कोणती?

सोलापुरात सर्व्हे करायचाय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, गूगल फॉर्म बनव, चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, रात्रीपर्यंत पाचशे उत्तरं येतील. येतात की! पण विषय जर विडी वळणाऱ्या बायकांच्या पाठदुखीचा असेल तर त्या पाचशेत विडी कामगार किती निघणार?

मग दारोदार जायचं. पूर्व भागात सकाळी अकराला गेलात तर उंबऱ्याशी एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, हात चालूच, मान वर न करता विचारते, "घरकुलाचं हाय का?" नाही म्हटलं की विषय संपला. तिचं तरी काय चुकलं, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं, तुमची वीस मिनिटं म्हणजे तिच्या विड्या गेल्या. शेजारी कुलूप, पलीकडे फक्त तेलुगू. मग आपण काय करतो, जी हसून बोलते तिच्याकडेच बसतो, आणि सर्व्हे तिथंच बिघडतो.

आकडा मोठा असला की झालं असं वाटतं ना, तर १९३६ ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक बघा. लिटररी डायजेस्ट मासिकानं फोनची डिरेक्टरी, गाड्यांच्या नोंदी असल्या याद्यांवरून कोणाला मत देणार हे विचारणाऱ्या सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या आणि अंदाज काय, तर रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात समोरच्या रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मंदीत फोन-गाडी असणारे कोण, हा एक घोळ, आणि ज्यांनी पत्रिका परत धाडायची तसदी घेतली ते बाकीच्यांसारखे नव्हते हा दुसरा, माझ्या मते जास्त छुपा.

म्हणून घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, कुलूप असेल तर संध्याकाळी परत, रविवारी परत, शेजारचं घर धरायचं नाही, सोबत तेलुगू बोलणारी मुलगी, आणि नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद. घरातलं कोण बोलणार हेही आपण ठरवायचं नाही, लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये त्यासाठी एक तक्ता दिला, घरातल्या मोठ्या माणसांची यादी करायची आणि तक्ता सांगेल त्यालाच विचारायचं.

खरी कसोटी इथंच लागते. तक्त्यात सून निघते आणि सासू दारात पाय रोवून म्हणते, "तिला काय कळतंय, मला इचारा की." तेव्हा चहा घ्यायचा, गोड बोलायचं आणि सून मोकळी होईपर्यंत तिथंच थांबायचं.