ताक, टाक आणि बाळाचा कान

‘ताक’ आणि ‘टाक’ या दोन शब्दांत मराठी माणसाची गफलत होत नाही. फक्त इंग्रजी ऐकत वाढलेल्या प्रौढाला मात्र हे शब्द लागोपाठ ऐकवले, तरी बहुधा ते एकच वाटतात. उच्चारात फरक असा : ‘त’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, ‘ट’ म्हणताना ते मागे वळून हिरडीपलीकडे टाळूला लागतं. इंग्रजीतला ‘ट’ या दोहोंच्या मधे, हिरडीच्या उंचवट्यावर होतो. आपण तो ‘ट’च्या खात्यात टाकतो, म्हणून टेबल, टाइम, डॉक्टर. इंग्रजी कान आपले दोन्ही वर्ण त्याच्या एकाच खात्यात जमा करतो. ही खाती मूल जन्मतः घेऊन येतं की ऐकून ऐकून उघडतं, हा प्रश्न गेल्या साठेक वर्षांत प्रयोगाने तपासला गेला, आणि त्या तपासात आपल्याकडच्या वर्णांनी मोठं काम केलं आहे.

वर्णांची मांडणी आपल्याला नवी नाही. वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्य आणि शिक्षा या जुन्या ग्रंथांनी कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे पाच वर्ग उच्चारस्थानानुसार लावले. शाळेत पाठ केलेली कखगघ ही खरं तर तोंडाच्या आतला नकाशा आहे. पण ते वर्णन बोलणाऱ्याचं होतं. ऐकणाऱ्याचं मोजमाप यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

१९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी अकरा भाषांतले स्पर्शवर्ण, म्हणजे ओठ किंवा जीभ टेकवून हवा क्षणभर अडवणारे प, त, क यांसारखे वर्ण, मोजले. त्यांत हिंदीबरोबर मराठीही होती. मोजायचं ते एकच : ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंत किती मिलिसेकंद जातात. ‘द’मध्ये कंपन सुटकेच्या आधीच सुरू असतं, ‘त’मध्ये जवळपास लगेच सुरू होतं, ‘थ’मध्ये बरंच उशिरा. या एका मापाने बहुतेक भाषा नीट उलगडल्या. अडलं ते हिंदी-मराठीपाशी. ‘द’ आणि ‘ध’ दोन्हींत कंपन आधीच सुरू असल्याने हे माप त्यांना वेगळं करू शकेना. ‘ध’चं वेगळेपण सुटकेनंतरच्या श्वासमिश्रित स्वरात आहे.

हेच माप १९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांवर लावलं. बोलता न येणाऱ्याला विचारायचं कसं? त्यांनी चोखणीला दाबमापक जोडला. बाळ जोराने चोखेल तसा एक ध्वनी वाजतो; कंटाळा आला की चोखणं मंदावतं. तेव्हा ध्वनी बदलायचा. चोखणं पुन्हा वाढलं, तर बाळाला बदल कळला. काही बाळांना मुद्दाम तोच ध्वनी चालू ठेवला, कारण चोखणं आपोआपही वाढू शकतं. २० मिलिसेकंदांवरून ४० वर जाताना, म्हणजे इंग्रजी ‘ब’ची हद्द ओलांडून ‘प’मध्ये शिरताना, बाळं दचकल्यासारखी चोखू लागली. तेवढ्याच अंतराचा पण हद्दीच्या आतला बदल त्यांनी जवळपास दुर्लक्षिला.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की खाती जन्मजात आहेत. तो घाईचा होता, कारण मोठ्यांना परके वर्ण का ऐकू येत नाहीत याचं उत्तर त्यात नव्हतं. ते शोधायला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये हिंदीचे ‘त’ आणि ‘ट’ घेतले, आणि जोडीला ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांच्या थॉम्पसन सेलिश भाषेतले घशाजवळचे दोन वर्ण.

त्यांची पद्धत वेगळी होती. बाळ मांडीवर, समोर खेळणी दाखवणारी मदतनीस, बाजूच्या स्पीकरमधून त, त, त. मधेच ट आला आणि बाळाने तिकडे मान वळवली, की काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागून हलणारं खेळणं दिसायचं. आई आणि मदतनीस दोघींच्या कानांवर हेडफोनमधून संगीत; नाहीतर नकळत मांडी हलते आणि बाळ आवाजाऐवजी आईचंच ऐकतं. १९८४ च्या निकालांत इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक सगळ्या बाळांनी फरक ओळखला. आठ ते दहा महिन्यांत प्रमाण घसरलं. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मोजकीच उरली. त्या वयाच्या हिंदी घरांतल्या बाळांना मात्र तोच फरक सहज कळत होता.

म्हणजे वर्षाच्या आत कान आपल्या भाषेपुरता बसतो. याला ‘बहिरं होणं’ म्हणू नये. तेच दोन ध्वनी अगदी थोड्या अंतराने ऐकवले, तर इंग्रजी प्रौढांनाही फरक लागतो. अंतर दीड सेकंदावर गेलं की ध्वनी स्मृतीत खात्याच्या नावानेच उरतो आणि फरक पुसतो. झुलू या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेतल्या, जिभेने चटक् असा आवाज काढून होणाऱ्या वर्णांचं उदाहरण पाहा. ते इंग्रजीच्या कुठल्याच खात्यात बसत नाहीत, म्हणून इंग्रजी बाळांना आणि मोठ्यांनाही ते ओळखता येतात. परकेपणापेक्षा अडथळा असतो तो जवळच्या शेजाऱ्याचा.

कान बसतो कसा, याचा एक धागा २००२ मध्ये मिळाला : दोन-अडीच मिनिटं ऐकवलेल्या ध्वनींचे दोन पुंजके असतील तर बाळं दोन खाती धरतात, एकच पुंजका असेल तर एक. पण नुसता आवाज पुरत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये सिॲटलच्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांबरोबर चार आठवड्यांत बारा वेळा, दर वेळी सुमारे पंचवीस मिनिटं, पुस्तकं आणि खेळण्यांसह बसवलं. त्या बाळांना चिनी वर्णभेद कळू लागला. तीच माणसं पडद्यावर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर मिळालेल्या बाळांना काहीच लाभ झाला नाही. परदेशातल्या मराठी घरांनी टीव्हीवरच्या मराठी गाण्यांवर भिस्त ठेवण्याआधी हा निकाल लक्षात घ्यावा. आजी प्रत्यक्ष बोलते, थांबते, बाळाच्या नजरेकडे पाहून पुन्हा बोलते; ते काम स्क्रीन करत नाही. व्हिडिओ कॉल त्यापेक्षा बरा, कारण त्यात निदान उत्तर मिळतं.

लहानपणी ऐकलेलं वायाही जात नाही. टीस आणि वर्कर यांनी हिंदीच्या वर्गातले विद्यार्थी तपासले, तेव्हा ज्यांनी अगदी बालपणी हिंदी ऐकली होती पण पुढे वापरली नव्हती, त्यांना त-ट वेगळे ऐकू येत होते. नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना वर्षभराच्या अभ्यासानंतरही ते जमत नव्हतं.

या सगळ्याला कान शाबूत असणं ही अट आहे, आणि मुदत लहान आहे. म्हणून नवजात बाळाच्या श्रवणचाचणीची कालमर्यादा अशी ठरली : पहिली चाचणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय सहा महिन्यांच्या आत. घरी थाळी वाजवून पाहणं फसवं ठरतं. थाळी मोठ्याने वाजते, आणि हाताची हालचाल किंवा हवेचा धक्का जाणवूनही बाळ वळतं. ‘स’, ‘श’ यांसारख्या उंच पट्टीच्या वर्णांपुरती श्रवणशक्ती कमी असलेलं बाळ तर थाळीला हमखास दाद देतं, आणि उणीव दोन-अडीच वर्षांनी, बोलणं अडखळल्यावर, लक्षात येते.