शिबिराची पोरं आणि कृषिदूत: गावात आलेले विद्यार्थी नक्की कोण?

जानेवारीतली गोष्ट. शाळेमागे टिकाव-खोरी घेऊन पंचवीसएक पोरं शोषखड्डा खणत होती. आमच्या काकू शेतातून परतताना थांबल्या आणि त्यातल्या एका चष्मेवाल्याला विचारलं, "पोरा, कांद्याची पात शेंड्याकडनं वाळायला लागलीय. काय मारू?" पोरगं घामाघूम. वर बघून म्हणालं, "काकू, मी बीकॉमला आहे." काकूंचा पुढचा प्रश्न रास्तच होता: "मग हितं कशाला आलास?"

त्यात चूक त्या पोराची नव्हती आणि काकूंचीही नव्हती. सहा महिन्यांपूर्वी पावसाळ्यात अशीच पोरं टोप्या घालून आली होती आणि सोयाबीनवर तासभर बोलली होती. गावाच्या लेखी दोन्ही 'कॉलेजची पोरं'. आमच्या ग्रामपंचायतीने तर एकदा कमानीवर फ्लेक्स लावला होता: 'कृषिदूतांच्या श्रमसंस्कार शिबिरास हार्दिक शुभेच्छा'. म्हणजे दोन वेगळ्या योजना एकाच ओळीत बसवल्या. (कांद्याचं उत्तर शेवटी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रवाल्याने दिलं, दोन बाटल्यांसह.)

हिवाळ्यात येतात ती राष्ट्रीय सेवा योजनेची, बोलीभाषेत एनएसएसची पोरं. ती बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, कुठलीही असतात. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. त्याआधी बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेचा विचार चालू होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने ही सेवा सक्तीची करावी, तीही नऊ महिने ते वर्षभर, असं सुचवलं होतं. सक्ती काही आली नाही. आता स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, असं दोन वर्षं, आणि त्यात एकदा सात दिवसांचं विशेष शिबिर. गावाला दिसतात ते एवढेच सात दिवस. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी कुणाचं तरी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मुक्काम शाळेत, नाहीतर मंगल कार्यालयात.

पावसाळ्यात येतात ते कृषिदूत, आणि मुली असतील तर कृषिकन्या. ही पोरं बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाची असतात. कार्यक्रमाचं नाव लांबलचक आहे, ग्रामीण कृषी कार्यानुभव की काय ते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे 'रावे' म्हणतात. हौसेने यायचा प्रश्नच नाही, हा अभ्यासक्रमच आहे. कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात त्याला वीस क्रेडिट आहेत, म्हणजे एक अख्खं सत्र. २०१५ पासून तो 'स्टुडंट रेडी' या छत्राखाली चालतो. गावात राहायचं ते आठवड्यांच्या हिशोबाने, दिवसांच्या नव्हे. प्रत्येकाच्या नावावर एक यजमान शेतकरी असतो. त्या घराची जमीन किती, जनावरं किती, कर्ज किती, कोणतं पीक कधी पेरलं, हे सगळं वहीत जातं आणि त्या वहीला मार्क असतात. इथे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांची पोरं येतात. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही या विद्यापीठांची तीन कामं, आणि ही पोरं तिसऱ्या कामाच्या तालमीला आलेली असतात.

गोंधळ वाढवायला आणखी दोन गोष्टी आहेत. एक, कृषी महाविद्यालयातही एनएसएसचं युनिट असतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शिबिरात खोरं हातात घेतलेली पोरगी पुढे कृषिकन्या म्हणून त्याच तालुक्यात परत येऊ शकते. दुसरी म्हणजे दोन्हीकडच्या प्राध्यापकांना 'कार्यक्रम अधिकारी'च म्हणतात. पेपरातल्या बातमीत फरक शोधायचा तर फोटो बघा. हातात टोपली असेल तर शिबिर, हातात फ्लेक्सची दोन टोकं आणि मध्ये एक अवघडलेला शेतकरी असेल तर रावे.

'विस्तार' हा शब्द मात्र दोघांच्याही फायलीत असतो आणि खरी गफलत तिथेच आहे. कृषी विद्यापीठात विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान बांधापर्यंत नेणं. ही कल्पना अमेरिकेतल्या लँड-ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनींच्या आधारावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांकडून आली. तिकडे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारकामाला सरकारी पैसा लावला. बाकीच्या विद्यापीठांना विस्ताराची आठवण बरीच उशिरा झाली. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीचं तिसरं अंग म्हणून विस्ताराला मान्यता दिली, आणि तिथे त्याचा अर्थ समाजाशी नातं. म्हणजे कागदावर शेती कृषिदूताची आणि समाज एनएसएसचा.

गावात बसून पाहिलं तर बऱ्याचदा उलटं दिसतं.

एका वर्षी पाऊस लांबला होता. जुलै उजाडला तरी पेरण्या नव्हत्या. काकूंकडे चार कृषिकन्या होत्या. त्यांनी घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी लावली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडले, वर दुसरं गोणपाट, त्याची गुंडाळी करून पडवीत ठेवली, आणि वर रोज पाण्याचा शिपका. चाचणीसारखी चाचणी, पुस्तकात असते तशीच. पण गुंडाळी उघडायच्या दिवशी गल्लीतल्या सात-आठ बाया ओट्यावर जमल्या आणि मोड मोजायला बसल्या. सत्तरच्या वर आले तर बियाणं नेहमीच्या मापाने पेरायचं, कमी आले तर वाढवायचं. काकूंचे ६४ निघाले. शेजारणीने लगेच आपलं बियाणं आणलं, दुसरीने आणलं, आणि आठवडाभर ओट्यावर गोणपाटांची रांग लागली. भावकीच्या वादामुळे दोन वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी त्या रांगेत बसून मोड मोजत होत्या. वहीत याची नोंद एका ओळीत: 'उगवण क्षमता चाचणी, उपस्थित महिला ९'.

रांगोळीच्या नकाशाचंही तसंच. देवळासमोर गावाचा नकाशा काढायचा, लोकांकडूनच काढून घ्यायचा, असा रावेतला एक भाग असतो. मुलींनी विहिरी, शाळा, रस्ते, ओढा सगळं काढलं. म्हातारे काठ्या टेकत भोवती उभे. नकाशा पुरा झाल्यावर मागून एका बाईचा आवाज आला: "ओढ्यापलीकडं आमी ऱ्हातो, त्ये कुठंय?" नकाशा सांगणाऱ्या कुणालाच ती वस्ती आठवली नव्हती. मग पिवळी रांगोळी संपली होती म्हणून हळदीने तेरा घरं काढली. पिकाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

मात्र सगळीकडे असं होत नाही. काही गट रोज कॉलेजच्या गाडीने येतात, बीजप्रक्रियेचा फोटो काढतात आणि दुपारी गायब. शेतकऱ्याची सही दोन महिन्यांची एकदम घेतात. गाव अशा गटाला ओळखतं, हसतं आणि सही देतंही, कारण पोरांची मार्कं अडवायची नसतात.

शिबिराबद्दल माझं मत जरा कडक आहे. सात दिवसांत पन्नास पोरं गावाचा कचरा उचलतात, तो कचरा पुन्हा टाकणारं गाव कडेला उभं राहून बघतं, आणि याला श्रमसंस्कार म्हणतात. झालाच तर संस्कार पोरांवर होतो. पहिल्यांदाच पत्रावळीवर जेवलेली, पहिल्यांदाच हाताला फोड आलेली शहरी मुलं असतात, आणि त्यांच्यासाठी ते सात दिवस मोलाचे. खणलेला शोषखड्डाही कामाचा असतो. आमच्या शाळेमागचा अजून पाणी जिरवतोय. पण गावाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येते ती रात्र. संक्रांतीच्या आसपास शिबिर असलं की पोरी हळदीकुंकू ठेवतात, मग भारूड, पथनाट्य. एरवी चावडीसमोर न फिरकणाऱ्या सुना त्या रात्री सतरंजीवर पहिल्या रांगेत बसतात. तिसऱ्या रात्री गावातल्याच दोन मुलींनी माईक मागितला. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांपेक्षा त्यांच्या गवळणीला गर्दी जास्त होती.

म्हणून काकूंना मी सोपं करून सांगितलं. पावसात आली तर पिकाचं विचार, बियाणं दाखव, पानं दाखव, आणि राहायला असतील तर जेवायला बोलव. थंडीत आली तर रोग-औषध विचारू नको, पण रात्रीचा कार्यक्रम चुकवू नको. काकू म्हणाल्या, "आन दोन्हीतलं कुणीच आलं नाही तर?" तर तालुक्याचा कृषी अधिकारी आहे, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यावर त्या नुसत्याच हसल्या.

यंदा शिबिर पुन्हा आमच्याच गावात आहे. फ्लेक्स छापायला टाकण्याआधी ग्रामसेवकाने मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवला. 'कृषिदूत' काढायला लावलं. त्या जागी त्याने 'कृषिकन्या' लिहून पाठवलं.