‘किल्ली आमच्याकडंच आहे’ म्हणजे नेमकी कुठं? एसएसई-सी आणि एसएसई-केएमएस

मिरजेतल्या स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय आणि सीटीच्या फाइल्स रोज साठत जातात. जत, कवठेमहांकाळ, अथणीकडून पेशंट येतात आणि वर्षभरानं पुन्हा आले की डॉक्टरांना जुनी फिल्म समोर लागते. म्हणून हा डेटा ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे फाइल नावानं ठेवून नेटवर्कवरून परत मागता येते अशा साठ्यावर ठेवतात. कुणी ॲमेझॉनचं एस-थ्री घेतं, कुणी स्वतःच्या सर्व्हरवर सेफ हे मुक्त सॉफ्टवेअर चालवतं. तिथं विचारलं, की डेटा एन्क्रिप्ट केलाय का, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बंद केलाय का, तर उत्तर ठरलेलं असतं: “हो की, आणि किल्ली आमच्याकडंच आहे.”

अडचण अशी, की हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांबद्दल बोललं जातं. एकीचं नाव एसएसई-सी, दुसरीचं एसएसई-केएमएस. एसएसई म्हणजे सर्व्हर-साइड एन्क्रिप्शन; सी म्हणजे कस्टमर, किल्ली ग्राहकानं द्यायची; केएमएस म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस, किल्ल्या सांभाळणारी सेवा. दोन्हींत एन्क्रिप्शन स्टोरेज सर्व्हरच करतो, अल्गोरिदम, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, दोन्हीकडे एईएस-२५६ आणि किल्ली स्टोरेजच्या डिस्कवर उघडी पडलेली नसते. ॲमेझॉननं दोन्ही सोयी एकाच वर्षी, २०१४ मध्ये आणल्या. त्यामुळे त्या एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या वाटतात. पण किल्ली लक्षात ठेवण्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न विचारला की त्या एकदम वेगळ्या होतात.

एसएसई-सीमध्ये ती जबाबदारी तुमच्या ॲप्लिकेशनवर असते. फाइल चढवताना ॲप्लिकेशन ३२ बाइटची किल्ली रिक्वेस्टच्या हेडरमध्येच (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) पाठवतं. सर्व्हर तिनं फाइल एन्क्रिप्ट करतो आणि किल्ली टाकून देतो. तीच फाइल परत वाचायची असेल, तर तीच किल्ली पुन्हा पाठवावी लागते. आलेली किल्ली बरोबर आहे का, हे तपासण्यापुरती एक खूण ॲमेझॉन ठेवतं. त्या खुणेवरून किल्ली परत काढता येत नाही. कोणत्या फाइलला कोणती किल्ली लावली, याची नोंदही तुम्हीच ठेवायची. किल्ली वायरवरून जाते, म्हणून एचटीटीपीएस सक्तीचं आहे. साध्या एचटीटीपीवर आलेली रिक्वेस्ट एस-थ्री नाकारतं.

एसएसई-केएमएसमध्ये किल्ली लक्षात ठेवायला तिसरा सर्व्हर असतो, की मॅनेजर. ॲमेझॉनवर तो त्यांचा केएमएस असतो, सेफसोबत बहुतेकदा हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट असतं. इथं किल्ल्या दोन पातळ्यांवर असतात, आणि एकदा हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. प्रत्येक फाइलसाठी एक नवी डेटा-किल्ली तयार होते आणि फाइल तिनं एन्क्रिप्ट होते. मग ती डेटा-किल्ली स्वतःच मुख्य किल्लीनं एन्क्रिप्ट होऊन फाइलच्या मेटाडेटात (फाइलसोबतच्या नोंदीत) बसते. मुख्य किल्ली व्हॉल्टमध्येच राहते. वाचताना स्टोरेज ती बंद डेटा-किल्ली व्हॉल्टकडे पाठवतं, व्हॉल्ट ती उलगडून देतं, फाइल उघडते. ॲप्लिकेशनला यातलं काही कळावं लागत नाही. बकेटवर, म्हणजे फाइल्सच्या कप्प्यावर, डीफॉल्ट एन्क्रिप्शन लावलं की जुनं सॉफ्टवेअरसुद्धा न बदलता चालतं.

रोजच्या कामातला फरक एका साध्या गरजेत दिसतो. अथणीच्या डॉक्टरांना मोबाइलवर स्कॅन बघायचा आहे, म्हणून सेंटर त्यांना तासाभरात संपणारी लिंक पाठवतं. एसएसई-केएमएसमध्ये ती लिंक ब्राउझरमध्ये सरळ उघडते. एसएसई-सीमध्ये उघडत नाही, कारण लिंकवर टिचकी मारणारा ब्राउझर किल्लीचे हेडर पाठवत नाही. मग मध्ये स्वतःचं एखादं सॉफ्टवेअर बसवून फाइल त्यातून द्यावी लागते.

किल्ली बदलायची झाली तरी हेच. व्हॉल्टमध्ये मुख्य किल्लीची नवी आवृत्ती काढणं एका आज्ञेचं काम आहे. नव्या फाइल्सना नवी आवृत्ती लागते, जुन्या फाइल्स जुन्या आवृत्तीनं उघडत राहतात. फक्त जुन्या आवृत्त्या बंद करायची घाई करायची नाही. एसएसई-सीमध्ये प्रत्येक फाइल जुन्या किल्लीनं वाचून नव्या किल्लीनं पुन्हा लिहावी लागते. लाखो फाइल्स असतील तर हे काम कुणी हातात घेत नाही आणि किल्ली वर्षानुवर्षं तीच राहते.

दोन्हींबद्दल एक गैरसमज सारखाच आहे: स्टोरेज चालवणाऱ्याला आता डेटा दिसणारच नाही. तसं नाही. एन्क्रिप्शन सर्व्हर करतो, म्हणजे क्षणभर का होईना, फाइल आणि तिची किल्ली दोन्ही त्याच्या मेमरीत उघडी असतात. चोरीला गेलेली किंवा भंगारात विकलेली डिस्क या दोन्हींमुळे निरुपयोगी होते, हे खरं. पण चालू सर्व्हरवर ज्याचा रूट ॲक्सेस (सर्वाधिकार) आहे, त्याच्यापासून संरक्षण हवं असेल तर फाइल सेंटरमधून निघण्याआधीच एन्क्रिप्ट करायला हवी. ती तिसरी व्यवस्था आहे आणि तिचा खर्चही वेगळा आहे.

आता किल्ली हरवण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. किल्ली गेली तर दोन्ही व्यवस्थांत डेटा कायमचा गेला. इथं ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. त्या पुराचं आणि नंतर २०२१ च्या पुराचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यांना सर्व्हर कुठं ठेवायचा हे सांगावं लागत नाही. पण डेटाचा बॅकअप पुण्याला आणि किल्लीचा एकुलता एक सर्व्हर गावभागातल्या तळमजल्यात, अशी मांडणी केली तर पुराच्या दिवशी पुण्याचा बॅकअपही उघडणार नाही. व्हॉल्टचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या प्रती, नदीपासून लांब जायला हवेत आणि डेटाच्या बॅकअपपासून वेगळे राहायला हवेत. एसएसई-सीमध्ये किल्ल्या ॲप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये किंवा एखाद्या कॉन्फिग फाइलमध्ये असतात. त्यांचा वेगळा बॅकअप घ्यायचा असतो, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला माहीत असतं. तो नोकरी सोडून बेंगळुरूला गेला की कुणालाच माहीत नसतं.

व्हॉल्ट मांडतानाही काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. व्हॉल्ट सुरू होतं तेव्हा कुलूपबंद असतं. ते उघडायची किल्ली १९७९ मध्ये आदी शमीर यांनी मांडलेल्या पद्धतीनं तुकड्यांत विभागलेली असते. डीफॉल्टनं पाच तुकडे होतात आणि उघडायला त्यातले कोणतेही तीन लागतात. रात्री वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की तिघं जण आपापला तुकडा देईपर्यंत एकही स्कॅन उघडणार नाही. म्हणून तुकडे कुणाकडे, हे माणसं बघून ठरवावं: एक मुख्य डॉक्टरांकडे, एक हिशेब बघणाऱ्या सीएंकडे, एक विश्रामबागेत राहणाऱ्या आयटीवाल्याकडे, दोन गावाबाहेर. पाचही तुकडे एकाच पाकिटात घालून एकाच कपाटात ठेवले तर पाच करण्यात काही अर्थ उरत नाही. रात्री-अपरात्री तिघं मिळणं शक्यच नसेल, तर आपोआप उघडण्याची सोयही व्हॉल्टमध्ये आहे, पण मग विश्वास दुसऱ्या कुठल्या तरी किल्लीवर ठेवावा लागतो.

स्टोरेजच्या गेटवेला (फाइल्सच्या मागण्या घेणाऱ्या सॉफ्टवेअरला) व्हॉल्टशी बोलायला टोकन, म्हणजे मुदतीचा प्रवेश-परवाना लागतो. साधं टोकन कॉन्फिगमध्ये चिकटवलं, की चाचणी छान होते आणि महिन्याभरानं सगळं बंद पडतं, कारण व्हॉल्टमध्ये अशा टोकनचं कमाल आयुष्य डीफॉल्टनं ३२ दिवस असतं. त्यासाठी व्हॉल्ट एजंट चालवावा. टोकन मिळवण्याचं आणि वाढवण्याचं काम तो करतो. गेटवेला अधिकार दोनच द्यावेत: नवी डेटा-किल्ली मागणं आणि जुनी उलगडून घेणं. किल्ली डिलीट करण्याचा अधिकार त्याच्याकडे कधीच नको. सेफला व्हॉल्टचं केव्ही इंजिन (किल्ली साठवून मागितली की देणारं) आणि ट्रान्झिट इंजिन (किल्ली स्वतःकडेच ठेवून तिचं काम करून देणारं) दोन्ही चालतात. मी ट्रान्झिटच सुचवेन, कारण केव्हीमध्ये मुख्य किल्ली गेटवेपर्यंत येते, ट्रान्झिटमध्ये ती व्हॉल्टबाहेर पडत नाही.

आणखी एक फरक सहसा नजरेतून सुटतो. ॲमेझॉनवर स्वतः बनवलेल्या केएमएस किल्लीनं बंद केलेली फाइल वाचायला फाइलची परवानगी आणि किल्लीची परवानगी, दोन्ही लागतात. म्हणून रेडिओलॉजीची किल्ली वेगळी ठेवून बाकी विभागांना अडवता येतं. सेफमध्ये व्हॉल्टसमोर उभा राहतो तो गेटवे, वापरणारा माणूस नव्हे. त्यामुळे तिथं विभागांमधली भिंत बकेट पॉलिसीनंच (कप्प्याच्या परवानगीच्या नियमांनी) उभी करावी लागते. किल्ल्या वेगळ्या केल्या एवढ्यानं ती उभी राहत नाही.

एसएसई-सीचा एक धोका जानेवारी २०२५ मध्ये जगासमोर आला. कोडफिंगर नावाच्या खंडणीखोरांनी लोकांच्या चोरलेल्या ॲमेझॉन ॲक्सेस-की (खात्यात शिरायची ओळख) वापरल्या आणि त्यांच्याच बकेटमधल्या फाइल्स एसएसई-सीनं, स्वतः बनवलेल्या किल्लीनं पुन्हा एन्क्रिप्ट केल्या. सर्व्हर किल्ली ठेवत नाही, म्हणून ॲमेझॉनकडेही ती नव्हती. वर सात दिवसांत फाइल्स डिलीट होतील असा नियम लावून पैसे मागितले. तुम्ही एसएसई-सी वापरत नसाल, तर बकेट पॉलिसीत ती नाकारून ठेवा. काम छोटं आहे आणि ते आजच करावं.

मग एसएसई-सी कुणी वापरावी? ज्यांचं सॉफ्टवेअर स्वतःचं आहे, ज्यांच्याकडे किल्ल्या सांभाळायची दुसरी भक्कम यंत्रणा आधीच आहे आणि ज्यांना स्टोरेजवाल्याकडे किल्ली कायमची राहायलाच नको आहे, त्यांनी. सांगली-मिरजेतल्या रुग्णालयांना, पतसंस्थांना, कारखान्यांना मी केएमएसच सांगेन. ज्यांना किल्ली ॲमेझॉनच्या हद्दीबाहेर हवी, पण एस-थ्री सोडायचं नाही, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एक्स्टर्नल की स्टोअर आहे. त्यात मुख्य किल्ली तुमच्या यंत्रात राहते आणि केएमएस तिथं येऊन विचारतं. मात्र तुमचं यंत्र किंवा इंटरनेट बंद पडलं, की तुमच्या फाइल्सही बंद.

सगळं लावून झालं, की एकदा व्हॉल्ट मुद्दाम बंद करून फाइल मागून बघा. ती मिळाली नाही पाहिजे. मिळाली, तर बहुतेक ती डीफॉल्ट लावण्याआधीची आहे, कारण बकेटचं डीफॉल्ट फक्त नव्या फाइल्सना लागू होतं. जुन्या फाइल्स स्वतःवरच कॉपी करून पुन्हा लिहाव्या लागतात. आणि बकेटमध्ये व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) चालू असेल, तर कॉपीनंतरही जुनी, उघडी आवृत्ती मागे तशीच राहते. नवी प्रत नीट उघडते हे तपासून मगच ती जुनी आवृत्ती काढून टाका.